सावडीचं देणं



संयोजकांनी विषय दिला आहे ‘ग्रामजीवनातला आनंद, छंद आणि परोपकार’. एवढ्यात तीन संध्याकाळी सहज निघाल्या असत्या. पण हा मे महिन्याचा उकाडा, हे डास आणि हाताशी एक तास. म्हणून मी एकच गोष्ट धरून बोलणार आहे, ती म्हणजे सावड.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा निवृत्तीनंतर गावाकडे जायचा बेत असेल. अर्धा एकर जमीन, आंब्याची चार झाडं, पडवी आणि राहून गेलेला एखादा छंद. बेत उत्तमच आहे. मात्र अशी घरं हौसेनं बांधून थोड्याच काळात कंटाळून परतलेली माणसंही मी पाहिली आहेत. हवा तीच होती, आंबेही तेच होते. मग उणं कशाचं होतं? मला वाटतं, त्यांचं गावात कुणाकडे काही देणं नव्हतं. गडी लावला, विहीर खणली, कुंपण घातलं आणि प्रत्येकाचे पैसे त्याच संध्याकाळी चुकते केले. शहरात याला सचोटी म्हणतात. गावात सगळाच हिशेब मिटवणारा माणूस पाहुणाच राहतो.

सावडीचा रिवाज वेगळा. आज चौघी माझ्या रानात खुरपायला आल्या, तर मी त्यांच्या रानात पाळीपाळीनं जायचं. दिवसाला दिवस, पैशाचा संबंध नाही. म्हणून हे भाबडं आहे असं समजू नका. कुणाचे किती दिवस फिरले, हे बायकांना तोंडपाठ असतं. तरीही हिशेब शून्यावर येत नाही, कारण एक सावड फिटेपर्यंत दुसरी चढलेली असते. इर्जिकीत तर एकाच्या नांगरटीला गावातली औतं एकाच दिवशी उतरतात. मजुरी नाही, घरधन्यानं पोटभर जेवण घालायचं. नांगरट दिवसात उरकते, जेवणाची चर्चा मात्र पुढच्या इर्जिकीपर्यंत चालते.

आता छंद. कामातून वेळ काढून करायचा तो छंद, हा आपला हिशेब. खेड्यात तो कामातच शिरलेला असतो. गोधडी घ्या. सुगी संपल्यावर, पावसाच्या आधी, जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक अंथरायची, चारी बाजूंनी ताणायची आणि कडेकडेनं धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. मोठ्या गोधडीला शेजारणी हात लावतात, कारण एकटीच्या मांडीवर ती मावत नाही. कुठला काठ कुठे लावायचा, लाल तुकड्याशेजारी हिरवा शोभेल का, यावर वाद होतात. तो वाद निव्वळ सौंदर्याचा असतो. ऊब काय, कुठल्याही रंगात तेवढीच मिळते.

जात्यावरचंही तेच. समोरासमोर दोघी बसायच्या, खुंटा एक आणि हात दोघींचे. एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं धरायची. दळण हलकं व्हावं म्हणून गायलेल्या या ओव्या अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून गोळा केल्या. ती संख्या एक लाखाच्या वर गेली. यातल्या बहुतेक बायकांना कुणी कवयित्री म्हटलं नव्हतं. विजेची चक्की आली आणि मनगटांची सुटका झाली, ते चांगलंच झालं. ओवी मात्र तिथेच अडली. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

इथे एका गोष्टीवर थांबणं भाग आहे. गावातल्या सहकार्याचं कौतुक करणाऱ्यांना वेठीचा विसर पडतो. सावड बरोबरीच्यांत होते. इर्जिकीच्या पंगतीत कोण बसायचं आणि कोण लांब, हे जात ठरवायची. महार वतनदारांकडून गाव आणि सरकार दोघंही रात्रंदिवस राबवून घेत आणि मोबदला नाममात्र देत. त्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. ही वतनं प्रत्यक्ष रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या कामाला मदत म्हणू नये. जुन्या गावाच्या आठवणीनं गहिवरून येणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, तुमचं घर कुठल्या आळीत होतं?

म्हणून मला अलीकडचं उदाहरण अधिक पटतं. २०१६ साली पाणी फाउंडेशननं वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतल्या गावांसाठी वॉटर कप ही जलसंधारणाची स्पर्धा घेतली. ऐन उन्हाळ्यात माणसं टिकाव-फावडी घेऊन शिवारात उतरली, चर खणले, बांध घातले. कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. माथ्यावर खणलेल्या चराचं पाणी कुणाच्या विहिरीत उतरेल, हे खणणाऱ्याला थोडंच ठाऊक असतं! त्यामुळे कुणी कुणाचं किती फेडायचं हे ठरवताच येत नाही. सावडीचा हिशेब इथे साऱ्या शिवाराचा झाला.

सचिवांनी घड्याळ दाखवलं आहे, तेव्हा गावाकडे निघालेल्यांना थोडं व्यवहाराचं सांगतो. गेल्या गेल्या वाचनालय काढू नका, कुणाला शहाणं करू नका. आधी मागा. शेजारच्या काकूंकडे विरजण मागा, शिडी मागा, घेवड्याचं बी मागा, गोधडीचा टाका शिकवा म्हणा. मागणाऱ्याच्या दारात यायला माणसाला संकोच वाटत नाही. मग एखाद्या रात्री तुमचं दार वाजेल. कुणाला तरी तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं असेल आणि गाडी तुमचीच जवळ असेल. जरूर जा. दुसऱ्या दिवशी ते पेट्रोलचे पैसे घेऊन येतील, तेवढे मात्र घेऊ नका.