काळीज एक, दवाखाने दोन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्याच्या अकाली मृत्यूचे कारण सांगताना मराठी माणूस पुष्कळदा एवढेच म्हणतो, ‘त्याने हाय खाल्ली.’ गिरणीला टाळे लागले, जमीन सावकाराच्या घशात गेली, हाताशी आलेला मुलगा गेला. माणसाने धसका घेतला, अंथरूण धरले आणि थोड्याच दिवसांत तो आटोपला. काळीज हा शब्दही मराठीत दुहेरी अर्थाने वावरतो. छातीतला अवयव तो काळीज आणि माया, धीर, भीती यांचे घरही काळीजच. लोकभाषेने ज्याला एक मानले त्याची आधुनिक वैद्यकव्यवस्थेने मात्र दोन दवाखान्यांत वाटणी केली. हृदय, मेंदू व पाय यांच्या रक्तवाहिन्यांचे विकार एका इमारतीत आणि मनाचे विकार दुसऱ्या इमारतीत. ही वाटणी कितपत शास्त्रशुद्ध आहे आणि तिची किंमत कोण मोजतो, हा या विवेचनाचा विषय आहे. तो केवळ डॉक्टरांचा विषय नव्हे. त्याचे अर्थशास्त्र आहे आणि म्हणून राजकारणही आहे.

प्रथम एका रूढ समजुतीचा निकाल लावणे अवश्य आहे. हृदयविकार हा ‘साहेबांचा रोग’ होय, जबाबदाऱ्यांच्या ओझ्याखाली अधिकाऱ्यांचे हृदय थकते आणि हमालाचे हृदय मात्र दणकट राहते, अशी समजूत अनेक वर्षे प्रचलित होती. १९६७ साली लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी सुरू झाली. व्हाइटहॉल पाहणी या नावाने ती ओळखली जाते. या माणसांत कोणीही बेकार नव्हता, कोणीही उपाशी नव्हता. १९४८ पासून ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा असल्यामुळे उपचारही सर्वांना मोफत होते. तरीसुद्धा तळच्या श्रेणीतील शिपाई व द्वारपाल यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केल्यावरही या तफावतीचा मोठा भाग उरलाच. विशेष म्हणजे ही तफावत केवळ अगदी वरचा आणि अगदी खालचा यांच्यातच नव्हती. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्या पायरीवरच्या माणसापेक्षा अधिक जोखमीत होता.

१९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत १०,३०८ स्त्री-पुरुष होते. तिच्यातून त्या उरलेल्या भागावर काही प्रकाश पडला. स्वतःच्या कामावर ज्यांचा काही ताबा नाही, कामाचा वेग आणि क्रम दुसराच कोणी ठरवतो, अशांना हृदयविकार अधिक होतो, असे आढळले. कामाचा ताण अधिक आणि निर्णयाचा अधिकार शून्य, हा संयोग माणसाला पोखरतो, हे सूत्र रॉबर्ट करासेक या संशोधकाने १९७९ सालीच मांडले होते. मालकाच्या हुकमतीखाली राबणाऱ्या माणसाला ते नव्याने शिकवण्याची गरज नाही. श्रमिक आपल्या श्रमापासून दुरावतो, हे समाजवादी विचाराचे जुनेच प्रतिपादन आहे. तो दुरावा रक्तवाहिनीपर्यंत पोहोचतो, ही त्यात पडलेली भर होय.

ही केवळ विलायतेची कथा आहे, असे कोणी म्हणू नये. ५२ देशांतील सुमारे ३०,००० लोकांचा समावेश असलेली ‘इंटरहार्ट’ ही पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात भारतही होता. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याची जी नऊ प्रमुख कारणे तिने दाखवली, त्यांत तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांच्या पंक्तीला घरचा व कामावरचा ताण, पैशाची विवंचना आणि खचलेले मन यांनाही स्थान मिळाले. याच पाहणीतील माहितीवरून असेही दिसले की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरीने ५३ व्या वर्षाच्या आसपास येतो; इतरत्र तो ५९ च्या सुमारास येतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ही सहा वर्षे म्हणजे कर्त्या माणसाच्या कमाईची वर्षे. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घराचे हप्ते हे सारे याच वर्षांत अडकलेले असते.

मनातील भीती रक्तवाहिनीत उतरते तरी कशी? तिच्या वाटा मुख्यत्वे तीन आहेत. पहिली वाट शरीरक्रियेची. सतत धास्तीत असलेल्या शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल यांसारखी संप्रेरके वाढीव प्रमाणात स्रवत राहतात. रक्तदाब चढतो, रक्तातील बिंबिका अधिक चिकट होतात, वाहिन्यांच्या अस्तराचा दाह वाढतो आणि हृदयाच्या ठोक्यांची स्वाभाविक लवचीकता कमी होते. दुसरी वाट वर्तनाची. खचलेला माणूस विडी सोडत नाही, चालायला जात नाही, गोळ्या वेळेवर घेत नाही. तिसरी वाट समाजाची. तो चार माणसांतून उठतो, एकटा पडतो आणि दवाखान्याची पायरी चढण्याइतकीही उमेद त्याच्यात उरत नाही. या तीन वाटा एकमेकींना येऊन मिळतात.

उलट दिशेची वाहतूकही तितकीच खरी आहे. पक्षाघात झालेल्या दर तीन रुग्णांपैकी सुमारे एकाला पुढील काळात नैराश्याचा विकार जडतो. मेंदूतील बारीक वाहिन्या निकामी होत गेल्यानेही उतारवयात औदासीन्य येऊ शकते, असा सिद्धांत १९९७ साली मांडला गेला. मधुमेहाने पायाच्या वाहिन्या बंद होऊन ज्याचा पाय कापावा लागला, त्याच्या मनाची अवस्था सांगायला सिद्धांताची गरज नाही. १९९३ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी जे नैराश्याने ग्रासलेले होते, त्यांच्यात पुढील सहा महिन्यांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी अधिक निघाले. तात्पर्य, मन खचल्याने वाहिनी बिघडते आणि वाहिनी बिघडल्याने मन खचते. हे दुष्टचक्र होय.

आता उपचाराच्या व्यवस्थेकडे वळावे. इचलकरंजीत किंवा भिवंडीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा पन्नाशीचा एक कामगार डोळ्यांपुढे आणावा. त्याला झटका येतो. सरकारी योजनेतून त्याच्या वाहिनीत स्टेंट बसतो आणि जीव वाचतो. ही गोष्ट लहान नव्हे. तीस वर्षांपूर्वी हे त्याच्या वाट्याला आले नसते. तो घरी येतो आणि खरी कसोटी तेथून सुरू होते. झोप लागत नाही. छातीत जरा कळ आली की उरात धडकी भरते. मुकादमाने मागावर दुसरा माणूस उभा केलेला असतो. बायको म्हणते, ‘अहो, दोन घास खा.’ तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. महिन्याने तपासणीला जातो तेव्हा घाईतला डॉक्टर कार्डिओग्राम पाहून सांगतो, ‘सगळे ठीक आहे.’ कार्डिओग्राम खरेच ठीक असतो. माणूस ठीक नसतो. त्याला तसे विचारणारा कोणी त्या खोलीत नसतो. मानसोपचार विभाग वेगळा, त्याचा वार वेगळा, आणि त्या दारात उभे राहिले तर वस्तीत ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे जातो’ असा बभ्रा होण्याचे भय. चार महिन्यांनी गोळ्या बंद पडतात. स्टेंटवर खर्च झालेले सार्वजनिक धन आणि त्या माणसाचा जीव अशी दोहोंचीही नासाडी होते.

हा दोष कोणा एका डॉक्टरचा नाही, खर्चाच्या रचनेचा आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची हमी आहे. परंतु रुग्णालयातून सुटल्यावर पंधरा दिवसांपलीकडचा खर्च तिच्यात बसत नाही आणि बाह्यरुग्ण विभागातील नित्याचे उपचार तर मुळातच बसत नाहीत. मनाची पडझड जेव्हा सुरू होते, तेव्हा हमीची मुदत संपलेली असते. शस्त्रक्रियेला पैसा आहे, सोबतीला नाही. जे मोजता येते आणि ज्याचे बिल करता येते तेच उपचार, असा बाजाराचा न्याय सरकारी योजनेतही शिरला आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ३९ टक्के भार लोकांनी स्वतःच्या खिशातून उचलला आणि सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांपर्यंतही पोहोचला नाही. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट जाहीर केले होते, याचे स्मरण येथे द्यावयास हवे.

मनोरुग्णांची दैना तर आणखी निराळी. तीव्र मनोविकार असलेल्या व्यक्ती इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आत्महत्या हे त्याचे एक कारण आहे. पण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार हेही त्याचे फार मोठे कारण आहे. मनोविकारावरील काही औषधांनी वजन आणि साखर वाढते, तंबाखूचे व्यसन या रुग्णांत अधिक असते आणि छातीत दुखते असे त्यांनी सांगितले, तर ‘मनाचे खेळ’ म्हणून ते उडवून लावले जाते. एका दवाखान्यात रक्तदाब मोजणारा मन विचारत नाही. दुसऱ्या दवाखान्यात मन विचारणारा रक्तदाब मोजत नाही.

भारतात मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ पासून आहे आणि त्याची जिल्हा योजना १९९६ पासून. मधुमेह, हृद्रोग, पक्षाघात यांचा कार्यक्रम २०१० पासून. दोन स्वतंत्र कार्यक्रम, एकाच रुग्णाच्या दाराशी दोन वेळा जाणारे किंवा एकदाही न जाणारे. २०१५-१६ साली बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत निरनिराळ्या मनोविकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक लोक उपचाराविना आढळले.

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. शास्त्राने जे सिद्ध केले नाही ते चळवळीने सांगू नये. नैराश्यावर उपचार केला की हृदयविकाराने होणारे मृत्यू लगेच घटतात, असे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. अमेरिकेत सुमारे अडीच हजार हृदयरुग्णांवर केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मानसोपचाराने नैराश्य काहीसे उतरले, पण मृत्यूंचे प्रमाण घटले नाही. यावरून मानसोपचार व्यर्थ ठरतो काय? मुळीच नाही. दुःखमुक्ती हे स्वतःच एक फलित आहे. माणसाचे दुःख कमी करण्याची परवानगी मृत्यूच्या आकडेवारीकडे मागावी लागत असेल, तर त्या व्यवस्थेच्या माणुसकीचीच तपासणी करावयास हवी.

दोन्ही उपचारांची एकत्र गुंफण केल्यास मात्र लाभ दिसतो. २०१० साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील २१४ रुग्णांच्या चाचणीत एकेका परिचारिकेने मन आणि शरीर या दोहोंचा पाठपुरावा केला. वर्षभरात नैराश्यही कमी झाले आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉलही सुधारले. हे श्रीमंत देशातच शक्य आहे, हा आक्षेपही टिकत नाही. भारतातील चार मधुमेह चिकित्सालयांत ४०४ रुग्णांवर अशीच चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. तेथे प्रत्यक्ष पाठपुरावा करणारे लोक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षित समन्वयक होते. दोन वर्षांनीही सुधारणा टिकून होती. विशेषज्ञांची फौज नसली तरी प्रशिक्षित माणूस, नियमित विचारपूस आणि वेळीच औषधात बदल, एवढ्यावर पुष्कळ काम होते.

असा माणूस महाराष्ट्रातील वाडीवस्तीवर आजही आहे. ती आशा सेविका होय. तिशीपुढील लोकांच्या पाहणीसाठी ती जो अर्ज भरते, त्यात तंबाखू आणि कंबरेचा घेर यांच्या जोडीने, गेल्या पंधरवड्यात उदास वाटले काय, कशात रस उरला नाही असे झाले काय, असेही प्रश्न आहेत. म्हणजे कागदावर मन आणि शरीर एकत्र आले आहेत. उत्तर ‘होय’ आले तर रुग्णाला कोठे पाठवावे, याची व्यवस्था मात्र पुष्कळ ठिकाणी नाही. आणि हे सारे करणाऱ्या बाईला वेतन न देता मानधनावर राबवले जाते. इतरांच्या मनाची विचारपूस करणारीच्या स्वतःच्या कामावर तिचा ताबा किती, हा व्हाइटहॉलचा प्रश्न येथेही लागू पडतो.

यातून मागण्या स्वाभाविकच निघतात. हृद्रोग, पक्षाघात व मधुमेह यांच्या प्रत्येक सरकारी बाह्यरुग्ण विभागात त्याच दिवशी, त्याच ठिकाणी मानसोपचार समुपदेशक असावा. मनोरुग्णाचा रक्तदाब आणि साखर नियमित तपासली जावी. योजनांची हमी पंधरा दिवसांवर न थांबता किमान वर्षभराच्या औषधांना व पाठपुराव्याला मिळावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकाराला शारीरिक विकाराच्या बरोबरीची वागणूक देण्याचे बंधन घातले आहे. त्याचा जाब जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर विचारला जावा. आणि कामगार संघटनांनी वाटाघाटींच्या मसुद्यात मजुरीच्या जोडीने पाळीची लांबी, कामाचा वेग आणि आजारानंतर कामावर परत घेण्याची हमी ही कलमे आरोग्याची कलमे म्हणून लिहावीत.

अखेरीस चळवळीने स्वतःकडेही पाहावे. पोटाचा प्रश्न आधी, मनाचे चोचले मागून, असे म्हणण्याची सवय डाव्या कार्यकर्त्यांत जुनी आहे. वर्षानुवर्षे मोर्चे काढणारा कार्यकर्ता संप मोडल्यावर मिटून बसतो, सभेला येईनासा होतो, आणि त्याचे सहकारी त्याला ‘गळाठला’ म्हणून सोडून देतात. पुढे एके दिवशी शोकसभा भरते, त्याच्या त्यागाचे गोडवे गायले जातात आणि कोणीतरी हळूच म्हणतो, ‘त्याने हाय खाल्ली हो.’ शोकसभेतले हे वाक्य सहा महिने आधी, त्याच्या घरी जाऊन, प्रश्नाच्या रूपात उच्चारले गेले असते तर? सरकारकडे मागणी करण्याचा अधिकार चळवळीला निःसंशय आहे. या एका प्रश्नाला मात्र कोणत्याही अंदाजपत्रकाची मंजुरी लागत नाही.