कपिकच्छूचे बीज आणि संशोधनाची कसोटी

(११ एप्रिल या जागतिक पार्किन्सन दिनाच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



कंपवाताचा विषय निघाला की आपल्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘याचे औषध आपल्या पूर्वजांना ठाऊक होतेच.’ या वाक्यात सत्य किती आणि ते पुरेसे का नाही, याचा विचार आज करावयाचा आहे.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून या व्याधीवर निबंध लिहिला. त्याच्या अनेक शतके आधी माधवनिदानात ‘वेपथु’ या नावाने सर्वांगाच्या व मस्तकाच्या कंपाचे वर्णन आले आहे. कपिकच्छू, म्हणजे आपल्या रानातील खाजकुयली. तिचे बीज बल्य आणि वातशामक म्हणून वैद्य परंपरेने वापरीत आले. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या शास्त्रज्ञांनी या बीजातून लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे केले. आज कंपवाताचे मुख्य औषध तेच आहे.

परंतु १९३७ मध्ये या द्रव्याचा कंपवाताशी असलेला संबंध कोणालाच ज्ञात नव्हता. कारण रोग्याच्या मेंदूत नेमके काय उणे पडते, हेच उमगलेले नव्हते. ते उमगण्याच्या वाटेवरही एक भारतीय वनस्पती आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम रुग्णांवर काटेकोरपणे तपासून १९४९ मध्ये जगासमोर मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी हे रेसर्पिन सशांना दिले, तेव्हा ते निश्चल झाले. डोपा टोचताच पुन्हा हालचाल करू लागले. पुढे व्हिएन्नाच्या होर्निकीविच यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासले आणि १९६० मध्ये दाखवून दिले, की हालचालींचे नियमन करणाऱ्या भागात डोपामिन अतिशय घटलेले असते. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवीत नेली आणि जखडलेले रुग्ण चालू लागले. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

बीज आपले, सर्पगंधाही आपली. मात्र दोहोंना जोडणारा धागा परदेशी प्रयोगशाळांत विणला गेला. याची केवळ खंत करून भागणार नाही. डॉ. वकिलांचे म्हणणे जगाने मानले, ते त्यांनी परंपरेचा दाखला दिला म्हणून नव्हे, तर परिणाम मोजून दाखविला म्हणून. हीच वाट पुढे मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरली. कपिकच्छूच्या बीजाचा कंपवातावरील प्रयोग त्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या चाचणीत या चूर्णाचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला आणि अधिक काळ टिकला. आशा वाटावी असा हा निष्कर्ष आहे. तथापि आठ रुग्णांवरून अंतिम निर्णय होत नसतो.

म्हणूनच घरोघरी एक गोष्ट सांगा. डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करून चूर्ण सुरू करू नये, किंवा गोळीच्या जोडीला ते गुपचूप घेऊ नये. चूर्णातही लेव्होडोपाच असते आणि त्याचे प्रमाण प्रत्येक बीजात सारखे नसते. मात्रा वाढली तर मळमळ, रक्तदाब घसरणे, भ्रम असे त्रास संभवतात. गोळी अचानक थांबविली तर शरीर ताठरून जीवावरही बेतू शकते. शिवाय लेव्होडोपा उणीव भरून काढते, पेशींचा ऱ्हास थांबवीत नाही. तो थांबविणारे औषध अजून जगात कोणाकडेच नाही. खरे संशोधन तेथे व्हावयाचे आहे.

त्यासाठी वैद्य, रसायनतज्ज्ञ आणि मेंदुविकारतज्ज्ञ एका मेजाशी बसले पाहिजेत. समाजाचाही यात वाटा आहे. मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी झाली नसती, तर डोपामिनची उणीव कळलीच नसती. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत अशा संशोधनासाठी मेंदूंचे जतन केले जाते. दधीचींनी अस्थी दिल्या, ही कथा आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मरणोत्तर मेंदुदानाचा विचार आपल्या कुटुंबात मोकळेपणाने झाला, तर त्या कथेचा वारसा आपण खऱ्या अर्थाने चालविला असे होईल. पूर्वजांनी बीज हाती दिले आहे. ते कसोटीवर उतरविणे हे आपले कर्तव्य आहे.