हिमरू उलटून पाहताना

घरात हिमरूची शाल असेल तर हातात घ्या आणि उलटी करा. सुलट बाजूची वेलबुट्टी सगळेच पाहतात, मला तुम्हाला पाठ दाखवायची आहे.

पाठीवर रंगीत धाग्यांचा सुटा थर दिसेल. हिमरूचा ताणा सुती असतो आणि नक्षीसाठी रेशमाचा जादा बाणा घालतात. फुलाला रंग हवा तिथे हा धागा वर येतो, एरवी मागे मोकळा राहतो. शालीचा मऊपणा आणि ऊब या मोकळ्या धाग्यांतूनच येते. आता शेजारी पैठणीचा पदर ठेवा. तो दोन्ही बाजूंनी सारखा, कारण तिथे प्रत्येक रंगाचा धागा आपल्या नक्षीपुरता जाऊन माघारी वळतो. पैठण इथून, छत्रपती संभाजीनगरहून, जेमतेम पन्नास किलोमीटरवर, तरी विणायची रीत इतकी वेगळी!

याचं कारण हिमरूच्या प्रवासात आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा हिमरूचे विणकर इकडे आले असं परंपरा सांगते. पुढे राजधानी परत गेली, पण माग इथेच राहिले. निजामशाहीच्या मलिक अंबरने खडकी, म्हणजे आपलं हे शहर, वसवलं ते १६१० च्या सुमारास. म्हणजे ही कला आपल्या शहराहून जुनी.

किनखाप या भरजरी कापडात सोन्या-चांदीची जर असे. हिमरूने तसंच रूप सूत आणि रेशमात आणलं. याला कुणी नक्कल म्हणतं, ते मला मुळीच पटत नाही. जरीची झळाळी नसताना केवळ रंगांच्या मेळातून वेल जिवंत करणं जास्त अवघड आहे. तेही जाळ्याच्या मागावर, जिथे एकजण वर बसून दोऱ्या ओढी आणि दुसरा खाली धोटा फेकी. नक्षीसाठी जॅकार्ड यंत्राची छिद्रांची कार्डं पुढे आली.

मुलूख सुटला की विणकर नक्षीचं काय करतात, याचं एक दूरचं उदाहरण पाहा. १९४४ मध्ये दुसऱ्या महायुद्धामुळे लाटव्हिया सोडावं लागलेली माणसं आधी जर्मनीतल्या छावण्यांत आणि मग अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गेली. तिथेही ती लाटव्हियातल्या लिएलवार्देचा लाल-पांढरा कमरपट्टा विणत राहिली. त्यांनी मायदेशाची नक्षी जिवापाड जपली. आपल्या हिमरूने मात्र नव्या मुलखाचीही नक्षी अंगावर घेतली. अजिंठ्याच्या चित्रांतली कमळं शालीवर उमलली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आज शहरात हिमरूचे हातमाग फार थोडे उरले आहेत. शाल घेताना ती हातमागाची आहे का, हे जरूर विचारा. आणि माग चालू असेल तर दहा मिनिटं त्याच्याजवळ उभे राहा.