चक्कर : बाधा नव्हे, कानातला बिघाड
(चंदनसार येथील वर्षावास प्रवचनमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



आजचा विषय घरगुती वाटेल, पण महत्त्वाचा आहे. आमच्या आईला एका पहाटे कूस बदलताच घर गरगर फिरू लागले. अर्ध्या मिनिटात थांबले. पण वर फडताळाकडे पाहिले की पुन्हा तेच. पंचांग प्रणाम करायला वाकली की भोवळ, म्हणून तिने विहारात येणेच सोडले. कोणी म्हणाले अशक्तपणा, कोणी म्हणाले मानेचा मणका. एका शेजारणीने तर भगताचा पत्ता दिला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या. त्या घेतलेल्या घरात अंगारा आणायचा काय? आम्ही आणला नाही. पण खरे सांगायचे तर दोन महिने नुसत्या गोळ्या देत राहिलो, कारण विचारलेच नाही. तीही एक अंधश्रद्धाच!

कारण असे आहे. आपला कान केवळ ऐकत नाही, तोल सांभाळतो. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. शेजारच्या कप्प्यात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक चिकटलेले असतात. वाढत्या वयाने किंवा डोक्याला मार लागून ते सुटतात व नलिकेत शिरतात. मग डोके हलले की ते घरंगळतात, द्रव ढवळतो आणि मेंदूला खोटी वर्दी जाते. डोळेही थरथरतात. या भोवळीचे वर्णन रॉबर्ट बारानी यांनी 1921 साली केले. त्यांना तोलाच्या इंद्रियावरील संशोधनाबद्दल 1914 चे नोबेल मिळाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते! 1952 मध्ये डिक्स व हॉलपाइक यांनी निदानाची चाचणी सांगितली. अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांनी साधा विचार केला : जे घरंगळत आत गेले, ते घरंगळतच बाहेर काढावे. 1980 च्या सुमारास पुष्कळांना हे पटले नाही. 1992 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि आज ही पद्धत जगभर वापरतात.

पद्धत अशी. उजवा कान बिघडला असेल तर रुग्णाला पलंगावर बसवून मान उजवीकडे 45 अंश वळवतात. मग झटकन उताणे निजवून डोके किंचित खाली लोंबते ठेवतात. भोवळ येते, घाबरू नये. अर्धे ते एक मिनिट थांबून मान डावीकडे 90 अंश वळवतात. पुन्हा थांबून अंग डाव्या कुशीवर, तोंड जमिनीकडे. शेवटी हळूहळू उठवून बसवतात. बहुतेकांना एकदोन वेळांत आराम पडतो. तोल डळमळत राहिला तर फिजिओथेरपिस्ट नजर स्थिर ठेवण्याचे व चालण्याचे व्यायाम शिकवतात. त्रास पुन्हा उलटू शकतो. तेव्हा हाच उपचार पुन्हा करता येतो.

मात्र पहिल्यांदा हे घरी आपल्या मनाने करू नये. कोणता कान, कोणती नलिका, हे डॉक्टरांनी ठरवावे. मानेचे दुखणे असेल तर आधी सांगावे. बोबडी वळणे, एका बाजूची शक्ती जाणे, दोन-दोन दिसणे, अचानक ऐकू न येणे, शुद्ध हरपणे, तीव्र डोकेदुखी ही लक्षणे असतील तर तडक इस्पितळ गाठावे. आणि भोवळ असताना विरार लोकलच्या दारात उभे राहू नये!

आमच्या आईला कान-नाक-घसा तज्ज्ञांनी हीच क्रिया दोनदा केली. त्यानंतरच्या पौर्णिमेला ती विहारात वाकून वंदना करून उठली, कोणाचा हात न धरता.

महावग्गात कथा आहे : अतिसाराने लोळत पडलेल्या, कोणी न विचारलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, पुसले. रोग्याची सेवा हाच धम्म. पण सेवेला प्रज्ञेची जोड हवी. विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर आजीला एवढेच विचारा, "कूस बदलताना गरगरतं का?" कदाचित तिने आजवर कोणाला सांगितलेच नसेल.

नमो बुद्धाय! जयभीम!