जनावरांची माया केव्हा आजार होते?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील पशुपालक बंधू-भगिनींनो,

गोठ्याचा विषय निघाला की आपण चारा, लसीकरण आणि दूध यांविषयी बोलतो. आज गोठ्याच्या धन्याच्या मनाविषयी बोलावयाचे आहे. पोसण्याची ऐपत नसताना जनावरे जमवीत राहणे आणि त्यांचे हाल समोर असूनही ते न दिसणे, हे मनाच्या विकाराचे लक्षण असू शकते.

पुण्यातील हडपसर भागात एका सदनिकेत तीनशेच्या आसपास मांजरे असल्याची तक्रार फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली आणि महानगरपालिकेने ती हलविण्याची नोटीस दिली. तेथे कोणाला आजार होता किंवा नाही, हे बातमीवरून ठरत नाही. ते तज्ज्ञानेच ठरवावयाचे. परंतु हा प्रश्न परदेशापुरता नाही, एवढे त्यावरून कळते.

नुसती संख्या म्हणजे विकार नव्हे. मोठा कळप नीट राखणारा धनगर बांधव किंवा थकलेला बैल शेवटपर्यंत सांभाळणारा शेतकरी रोगी नाही. आपल्या राज्यात २०१५ पासून गाईंप्रमाणेच बैल व वळूंच्या कत्तलीसही बंदी आहे. त्यामुळे म्हातारी जनावरे दावणीला राहतात. त्यात अडचण असते, मायाही असते.

मग ओळखावे कसे? अमेरिकेतील पशुवैद्य गॅरी पॅट्रोनेक यांनी १९९९ साली याच्या खुणा मांडल्या. जनावरे वाजवीपेक्षा जास्त असतात. त्यांना किमान चारापाणी, स्वच्छता व औषधोपचार मिळत नाहीत. ती खंगत असली, मरत असली तरी मालक काही करीत नाही. आणि घरातील माणसांच्या तब्येतीकडेही दुर्लक्ष होते. विचारले तर उत्तर येते, "माझ्यावाचून यांना कोण आहे?"

आपल्याकडे पावसाळ्यात जनावरे बराच काळ गोठ्यात असतात. मोठ्या गाईला छपराखाली सुमारे साडेतीन व म्हशीला चार चौरस मीटर जागा लागते. गर्दी झाली की शेणमूत तुंबते, अमोनियाने डोळे झोंबतात, गोचीड वाढतात, खुरे सडतात. लेप्टोस्पायरोसिससारखा रोग माणसांनाही होतो.

आता मंत्रचळाशी याचे नाते पाहू. मंत्रचळ, म्हणजे डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात, त्यात नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येतो. कुलूप दहादा तपासले, हात वीसदा धुतले तरी शंका फिटत नाही. त्या माणसाला स्वतःलाच बहुधा याचा जाच होतो. साठवणाऱ्याचे तसे नसते. नवीन जनावर आणताना त्याला समाधान वाटते. आपण जीव वाचवितो अशी त्याची खात्री असते. जाच होतो तो जनावर सोडण्याची वेळ आल्यावर. पूर्वी साठवण्याची ही खोड मंत्रचळातच धरीत. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने साठवणुकीचा विकार वेगळा मानला, मात्र मंत्रचळाच्याच गटात ठेवला. जनावरे साठविणे हा त्याचाच एक विशेष प्रकार असू शकतो, असे तेथे नमूद आहे. काही रोग्यांत दोन्ही विकार असतात. म्हणून तपासणी करून घेणे महत्त्वाचे. मंत्रचळाच्या गोळ्यांनी साठवणूक थांबेलच असे नाही. समुपदेशन दीर्घकाळ चालवावे लागते.

शेजाऱ्याच्या गोठ्यात अशा खुणा दिसल्या तर पुढीलप्रमाणे करावे.

१. हसू नये, गावात चर्चा करू नये. "तुमच्या जनावरांना मदत करू" येथून बोलणे सुरू करावे.

२. आजारी जनावरांसाठी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे.

३. नवीन जनावर येणे व पैदास आधी थांबवावी. नर जनावरे वेगळी बांधावीत, जरूर तेथे खच्चीकरण करून घ्यावे.

४. माणसासाठी मानसोपचार तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करून मोफत सल्ला मिळतो.

५. जनावरांची उपासमार कायद्याने गुन्हा आहे. हाल थांबत नसतील तर तक्रार करावीच लागेल. परंतु सगळा गोठा एका दिवसात रिकामा करून माणसाला एकटे सोडू नये. उपचार झाले नाहीत तर तो पुन्हा जनावरे जमविण्याचा संभव फार असतो.

बंधू-भगिनींनो, लंगडणाऱ्या गाईला आपण लगेच डॉक्टर आणतो. तिच्या धन्याचे मन आजारी असेल, तर त्यालाही तितक्याच तत्परतेने डॉक्टरकडे न्यावे, एवढीच विनंती.