इशारा कचेरीत, ट्रक पुलावर
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलणे होणार, असे धरून तुम्ही आला आहात. तो विषय जेवणानंतर आहे. त्याआधी थोडा वेळ आम्ही महाड आणि पोलादपूरबद्दल बोलणार आहोत. कोकणातल्या रस्त्याचे आपल्याला काय, असे कोणी मनात म्हणत असेल तर त्याने आपल्या गल्लीत कोणाचा मुलगा ट्रकवर आहे ते आठवावे. कोरडवाहू रानात दोन भावांचे पोट भरत नाही. एक भाऊ नांगर धरतो, दुसरा स्टिअरिंग. आणि जिनिंगमधून निघालेली गाठ असो की जनावरांचा कडबा, आपला माल ट्रकशिवाय हलत नाही.

आधी मुलूख समजून घ्या. महाबळेश्वरच्या डोंगरात सावित्री नदी उगम पावते, कडा उतरून पोलादपूरकडे येते आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते. मुंबई-गोवा हमरस्ता ही नदी महाडजवळ ओलांडतो, मग पोलादपूर आणि पुढे कशेडी. घाटावरून खाली उतरायला पोलादपुरात आंबेनळीचा घाट येतो, महाडात वरंधा येतो. वर किती पाऊस पडतो याचा अंदाज आपल्याला येणार नाही. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सोलापूरकडच्या ज्वारीच्या पट्ट्यात सबंध वर्षात साधारण जेवढा पडतो, तेवढा एका दिवसात. हे पाणी काही तासांत महाडात उतरते, आणि खाली खाडीला भरती असली तर ते तुंबते.

आता २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळ सावित्रीवर दोन पूल होते, एक नवा आणि एक १९२८ सालचा दगडी कमानींचा. मुंबईकडे जाणारी वाहने जुन्या पुलावरून जात. रात्री साडेअकराच्या सुमारास, नदी दुथडी भरून वाहत असताना, हा जुना पूल कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. गाड्या आणि एक खाजगी मोटार अंधारात पाण्यात गेली. चाळीसच्या आसपास माणसे गेली. काहींचे देह थेट समुद्रकिनाऱ्यावर सापडले, काहींचे सापडलेच नाहीत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला धोक्याचा नाही असा निर्वाळा मिळाला होता, हे सरकारनेच सांगितले.

पुलाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. नवा पूल विक्रमी वेळात झाला, ५ जून २०१७ ला त्याचे उद्घाटनही झाले. आम्हाला बोलायचे आहे ते पूल पडल्यानंतरच्या काही मिनिटांबद्दल. रस्त्याकडेच्या एका गॅरेजमधल्या कामगाराच्या ध्यानात आले की गाडीचे दिवे पुलावर जातात, पण पलीकडे उजेड निघत नाही. तो रस्त्यावर धावला, हात आडवे करून येणारी वाहने त्याने थांबवली, मग पोलिसांना खबर गेली. त्या रात्री वाहनचालकाला वेळेवर पोचलेला इशारा एवढा एकच. तो दिला पगारी अंमलदाराने नव्हे, पाने फिरवणाऱ्या माणसाने. तो जागा नसता तर मागून येणाऱ्या किती गाड्या त्या खिंडारात गेल्या असत्या?

कोणी म्हणेल, अंधारात, पावसात, अशा नदीवर याहून काय होणार? त्याचे उत्तर तिथून जवळच आहे. त्याच सावित्रीवर वीर आणि सापे वामणे या स्टेशनांच्या मध्ये कोकण रेल्वेचा पूल आहे. पाणी धोक्याच्या पातळीवर गेले की रेल्वेच्या माणसांना कळवणारी यंत्रणा त्या पुलावर बसवलेली आहे. तशीच अलीकडे काळ नदीवर आहे आणि पलीकडे वाशिष्ठीवर आहे. स्टेशनांवर पर्जन्यमापक आहेत. पावसाळ्यात रुळावरून रात्रंदिवस गस्त चालते. गाड्यांचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते, आणि धो-धो पावसात समोरचे दिसेनासे झाले की ड्रायव्हरने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा असा हुकूम आहे.

रेल्वेला हे शहाणपण फुकट मिळालेले नाही. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ गाडी दरडीवर आदळली. १६ जून २००४ ला महाड तालुक्यातल्याच करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस दगडांवर आदळून पुलावरून खाली गेली. माणसे मेली आणि रेल्वेने धडा घेतला. पण तिने तो घेतला आणि रस्त्याने घेतला नाही, असे का?

आमच्या मते कारण साधे आहे. रेल्वेचा रूळ, पूल, गाडी आणि गाडीचा ड्रायव्हर या सगळ्यांचा धनी एकच. गाडी पडली तर नुकसान त्याचेच. रस्त्याचे तसे नाही. पाऊस मोजणार हवामान खाते, रस्ता बांधणार दुसरे खाते, वाहने अडवणार पोलीस, हुकूम काढणार कलेक्टर, आणि ट्रक तिसऱ्याच कोणाचा. त्यात आणखी एक गंमत बघा. पाऊस मोजला जातो महाबळेश्वरला, म्हणजे सातारा जिल्ह्यात. पूर येतो महाडला, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पाण्याला जिल्ह्याची हद्द माहीत नसते. फाइलीला मात्र चांगली माहीत असते.

हवामान खाते झोपलेले आहे, असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईला कुलाब्यात आणि वेरावलीत रडार आहे. पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे निघतात, पुढच्या तीन तासांचा अंदाजही निघतो. २०२३ साली चाचणीच्या वेळी सगळ्यांच्या खिशातले फोन एकदम किंचाळले होते, ते तुम्हाला आठवत असेल. टॉवरच्या टापूत जेवढे फोन असतील तेवढ्यांना एकाच वेळी निरोप द्यायची ती सोय आहे. बाहेरगावचा ट्रक त्या टापूत शिरला तर त्यालाही निरोप मिळू शकतो. ही चीज कामाची आहे.

पण इशारा निघतो तो जिल्ह्याचा. रायगड जिल्ह्यात १५ तालुके. उरणच्या बंदरात कंटेनर उतरवणाऱ्यालाही लाल रंग आणि आंबेनळीच्या वळणावर असलेल्यालाही तोच लाल रंग. कुठला पूल, कुठला घाट, कुठे थांबायचे, यातले काही त्या रंगात नसते. त्यातून घाटात फोनला रेंज मिळेलच असे नाही. २२ जुलै २०२१ ला संध्याकाळच्या सुमारास महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला, ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही त्याच वेळी दरडी आल्या. महाड पाण्यात, रस्ते बंद, वीज आणि फोन गेलेले. मदतीची पथके तळीयेला पोचायला दुसरा दिवस उजाडला. जिथून बातमी बाहेर यायला रात्र जाते, तिथे इशारा आत कसा जाणार?

महाडजवळच्या ढाब्यावर आम्ही ड्रायव्हर लोकांशी बोललो. लातूरकडचा एकजण होता. मेसेज येतात, असे तो म्हणाला, नाही असे नाही. पण मेसेज वाचून गाडी उभी केली तर दिवस बुडतो, खुराकीचे पैसे संपतात, माल उशिरा पोचला म्हणून भाडे कापतात आणि मालक फोनवर शिव्या घालतो. मेसेज न वाचता गाडी रेटली तर दहातल्या नऊ वेळा काही होत नाही. हे ऐकून आम्हाला आपलाच कापूस आठवला. उद्या पाऊस आहे हे कळून बोंडे फुटलेल्या शेतात आपण काय करतो? वेचायला मजूर मिळत नाहीत, ठेवायला जागा नसते, कळूनही कापूस भिजतो. ज्याला थांबणे परवडत नाही त्याला इशारा देऊन हात झटकणे, याला आम्ही इशारा म्हणत नाही.

म्हणून ट्रक थांबवायचा तर तो हुकमाने थांबला पाहिजे. सरकारचा हुकूम दाखवला की मालकाला ड्रायव्हरवर डोळे वटारता येत नाहीत. हे जमते का? दरवर्षी जमते. गणपतीला चाकरमानी कोकणात निघाले की याच हमरस्त्यावर अवजड वाहनांना बंदी असते. तारखा आधी छापून येतात, पोलीस नाक्यावर उभे राहतात, ट्रक थांबतात. वरंधा घाटही अलीकडे पावसाळ्यात हुकमाने बंद ठेवतात. म्हणजे कायदा आहे, नाके आहेत, माणसे आहेत. सणाला जे होते ते पुराला व्हावे, एवढेच आमचे मागणे आहे. महाबळेश्वरचा पर्जन्यमापक ठरलेल्या आकड्यावर गेला की कोणाची सही न शोधता महाड आणि पोलादपूरचे नाके बंद झाले पाहिजेत. आणि घाट बंद असल्याचा फलक घाटाच्या तोंडाशी लावून उपयोग नाही. तिथवर गेलेला ट्रक परत फिरवायला जागा नसते. तो फलक भोरला हवा, वाईला हवा, जिथून ताम्हिणीने माणगावला उतरायचा विचार करता येतो. शिवाय गाडी उभी करायला मोकळी जागा, पाणी, संडास आणि रात्रभर चहा. एवढे नसेल तर ड्रायव्हर नाका चुकवून जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

कशेडीला आता बोगदा झाला, वळणे टळली, ही चांगली गोष्ट झाली. बोगद्याला पूर मात्र कळत नाही.

ही गोष्ट कोकणातच राहत नाही. २८ सप्टेंबर २०२१ ला आपल्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर एस.टी.ची नांदेड-नागपूर गाडी पुराच्या पाण्यात घातली गेली आणि वाहून गेली. माणसे बुडाली. तिथे सावित्री नव्हती, घाट नव्हता, होता एक नाला. असे रपटे आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यावरून कापसाच्या गाड्या जातात, शाळेची पोरे जातात. त्यांच्यासाठी रडार लागत नाही. रपट्याच्या दोन्ही अंगांना दगडी खांब, खांबावर लाल रंगाची रेघ, पाणी रेघेला लागले की आडवा टाकायचा बांबू, आणि तो टाकायला ज्याचे घर सगळ्यांत जवळ आहे असा माणूस. त्या माणसाला ग्रामपंचायतीने पावसाळ्याचे चार महिने मानधन द्यावे. महाडच्या गॅरेजमधल्या माणसाने ते काम एका रात्रीत फुकट केले. प्रत्येक वेळी असा माणूस फुकट मिळेल या भरवशावर राहता येणार नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या रस्त्यावरच्या रपट्यांची यादी आणावी. कुठल्या वर्षी पाणी कुठवर चढले होते, ते म्हाताऱ्यांना विचारून त्यापुढे लिहावे. पोलादपूर आणि महाडच्या नाक्यांसंबंधीचे निवेदन आम्ही तयार केले आहे, ते बाहेर टेबलावर आहे. ज्यांच्या घरचा माणूस ट्रकवर आहे त्यांनी सही करताना गाडी कुठल्या मार्गावर चालते तेही लिहावे. जेवण तयार आहे. जेवण झाले की कापसाच्या भावाचे बोलू.