दुसरें अफगाण युद्ध आणि पैशाचें सोंग

सर्व सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. संसारी माणसास ती चार दिवसांत पटते. राज्यकर्त्यांस मात्र पुष्कळदां फार उशिरा पटते. ज्या युद्धामागें लोकांचें मन नाहीं, तें चालविणाऱ्या मंत्र्यांवर हें सोंग आणण्याचा प्रसंग हटकून येतो. खर्चाचा खरा आंकडा सांगावा, तर लोक युद्धच नको म्हणतील. न सांगावा, तर आज ना उद्यां सावकार दारांत उभा राहणार. १८७८ ते १८८० या सालांत झालेलें दुसरें अफगाण युद्ध हें या गोष्टीचें बोलकें उदाहरण आहे. त्या युद्धाच्या पायीं इंग्लंडांतील एका बलाढ्य मंत्रिमंडळाची प्रतिष्ठा गेली, हिंदुस्थान सरकारचें अंदाजपत्रक साफ कोसळलें, आणि देणें मात्र ज्यांस कोणीं विचारलेंच नव्हतें त्या हिंदी रयतेच्या माथीं बसलें.

या युद्धाचें मूळ काबूलमध्यें नव्हतें. तें लंडन आणि सेंट पीटर्सबर्ग यांच्या चढाओढींत होतें. मध्य आशियांत रशियाचें पाऊल एकसारखें पुढें पडत होतें. १८६८ त समरकंद आणि १८७३ त खीवा त्याच्या कह्यांत आलीं. ही वाढ थोपवावी कशी याविषयीं इंग्रज मुत्सद्द्यांत दोन पक्ष होते. १८६४ पासून १८६९ पर्यंत व्हॉइसरॉय असलेले लॉरेन्स यांचें मत असें कीं, अफगाणांच्या घरांत आपण होऊन शिरूं नये. जो आधीं शिरेल तोच त्यांचा शत्रु ठरेल. काबूलमध्यें इंग्रज वकील ठेवणें धोक्याचें आहे, असेंही ते बजावीत. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, अमिराच्या दरबारीं आपला माणूस बसल्यावांचून सरहद्द सुरक्षित होणार नाहीं. १८७४ त डिझरायली यांचा काँझर्व्हेटिव्ह पक्ष अधिकारारूढ झाला, आणि हें दुसरें मत बळावलें. व्हॉइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांस तें मान्य नव्हतें. १८७६ त ते निघून गेले व त्यांच्या जागीं लॉर्ड लिटन आले.

१८७८ च्या उन्हाळ्यांत एक रशियन शिष्टमंडळ काबूलला पोंचलें. युरोपांतील ज्या तंट्यापायीं रशियानें तें धाडलें होतें, तो तंटा जुलै महिन्यांत बर्लिनच्या तहानें मिटला होता. तरीही लिटन यांनीं सर नेव्हिल चेंबरलेन यांस वकील म्हणून पाठविण्याचा हट्ट धरला. सप्टेंबरमध्यें खैबर खिंडींत अलीमशीद येथें अफगाण अधिकाऱ्यानें या मंडळीस परत फिरविलें. अपमान झाला, असा पुकारा झाला; आणि २१ नोव्हेंबर १८७८ रोजीं तीन वाटांनीं फौजा अफगाणिस्तानांत शिरल्या.

आतां खर्चाचा प्रश्न आला. हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून राणीकडे गेला तेव्हां, १८५८ च्या कायद्यांत एक महत्त्वाचें कलम घातलें होतें. परचक्र परतविण्याचा किंवा अचानक ओढवलेल्या निकडीचा प्रसंग सोडून, सरहद्दीबाहेरील मोहिमेस हिंदुस्थानचा पैसा पार्लमेंटच्या संमतीवांचून लावूं नये, असा त्याचा आशय होता. म्हणून १८७८ च्या डिसेंबरांत पार्लमेंट बोलावण्यांत आलें. सरकारपक्षाचें म्हणणें असें कीं, हिंदुस्थानच्या तिजोरींत शिल्लक आहे, तींतून हें सहज भागेल. हेन्री फॉसेट नांवाचे सभासद लहानपणानंतर अंध झालेले, पण हिंदुस्थानच्या जमाखर्चावर त्यांच्याइतकी नजर सभागृहांत क्वचितच कोणाची असेल. त्यांनीं रोखठोक सवाल केला: युद्ध साम्राज्याच्या हिताचें आहे म्हणतां, तर साम्राज्याची तिजोरी का उघडीत नाहीं? आणि ज्या शिलकेचा डौल मिरवितां, ती शिल्लक तरी कसली? बहुमत सरकारचें होतें; ठराव संमत झाला.

ही शिल्लक कशी जमली होती, हें दख्खनमध्यें कोणास सांगण्याची गरज नव्हती. १८७६ पासून १८७८ पर्यंत दख्खन, म्हैसूर आणि मद्रास इलाखा यांत घोर दुष्काळ पडला. त्यांत मेलेल्यांची संख्या पन्नास लाखांच्या घरांत गेली. पुन्हा असा प्रसंग आल्यास सोय असावी म्हणून स्ट्रेची यांनीं दरसाल दीड कोटी रुपये दुष्काळनिवारणासाठीं बाजूस काढण्याची योजना केली. हे स्ट्रेची, म्हणजे सर जॉन स्ट्रेची, हिंदुस्थान सरकारचे फायनान्स मेंबर होते. या रकमेसाठीं व्यापाऱ्यांवर लायसेन्स टॅक्स बसला; तो इतका अप्रिय झाला कीं, १८७८ च्या एप्रिलमध्यें सुरतेस दंगा उसळला. याच सुमारास मुंबई इलाख्यांत मिठावरील करही वाढवून मणास अडीच रुपये केला गेला. दुष्काळासाठीं म्हणून जमविलेली ही पुंजी हिशेबांत शिल्लक म्हणून दिसत होती, आणि तिच्याच भरंवशावर तोफा खैबरकडे निघाल्या.

दख्खनच्या मनांत काय खदखदत होतें, त्याची एक खूण पुण्यांत दिसली. लष्करी हिशेब खात्यांत कारकुनी करणारे वासुदेव बळवंत फडके यांनीं दुष्काळाचे हाल डोळ्यांनीं पाहिले, आणि १८७९ च्या आरंभीं बंडाचा झेंडा उभारला. जुलैमध्यें ते पकडले गेले. फडक्यांचें बंड अफगाण युद्धामुळें झालें असें म्हणणें इतिहासाला धरून होणार नाहीं; पण ज्या रयतेच्या जिवावर दूरची मोहीम उभारली होती तिची अवस्था काय होती, हें त्यावरून कळून येतें.

लोकमताची भीति वाटूं लागली म्हणजे राज्यकर्ते एकीकडे तोंडें बंद करूं पाहतात आणि दुसरीकडे ज्यांच्या हातीं मत आहे त्यांस खूष करूं पाहतात. लिटन यांच्या कारकीर्दींत दोन्ही गोष्टी घडल्या. १८७८ च्या मार्चमध्यें देशी भाषांतील वर्तमानपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. इंग्रजी पत्रें त्यांतून मोकळीं राहिलीं. पुढील मार्चमध्यें, युद्ध चालू असतां आणि तिजोरीस पै-पै हवी असतां, लिटन यांनीं आपल्या कौन्सिलांतील बहुमत बाजूस सारून विलायती जाड्याभरड्या कापडावरील जकात उठविली. तिचा लाभ लँकेशायरच्या गिरणीवाल्यांस होता. लँकेशायरला पार्लमेंटांत मतें होतीं, सोलापूरला नव्हतीं.

प्रथम प्रथम मोहीम यशस्वी झालीसें दिसलें. शेरअली पळाले व लवकरच मरण पावले. त्यांचे पुत्र याकुबखान यांनीं २६ मे १८७९ रोजीं गंडमक येथें तह केला, आणि काबूलमध्यें इंग्रज वकील ठेवण्यास ते कबूल झाले. पुढच्याच महिन्यांत लॉरेन्स निवर्तले. शेवटपर्यंत त्यांनीं या युद्धाविरुद्ध लेखणी चालविली होती. ३ सप्टेंबर रोजीं त्यांचा इशारा खरा ठरला. काबूलमध्यें वकील कॅव्हॅग्नारी आणि त्यांच्या रक्षणार्थ असलेली तुकडी यांची कत्तल झाली. जनरल रॉबर्ट्स यांनीं ऑक्टोबरमध्यें काबूल घेतलें, फांशीचे खांब उभारले. पण डिसेंबरांत त्यांनाच तेथील छावणींत कोंडून घ्यावें लागलें. जिंकलेलें युद्ध पुन्हा पहिल्यापासून लढावें लागत होतें.

इकडे इंग्लंडमध्यें ग्लॅडस्टन वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा मैदानांत उतरले. १८७९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत स्कॉटलंडमधील मिडलोदियन मतदारसंघांत त्यांनीं सभांचा धडाका लावला. डॉल्कीथ येथें स्त्रियांच्या सभेंत बोलतांना त्यांनीं अफगाण डोंगरांतील बर्फांत जळालेल्या खेड्यांची आठवण करून दिली, आणि त्या झोंपड्यांतील जीव ईश्वराच्या दृष्टीनें आपल्याइतकाच मोलाचा आहे, असें सांगितलें. पाऊस-पाण्यानें गेलेलीं पिकें, मंदावलेला व्यापार, दक्षिण आफ्रिकेंत झुलू युद्धांत झालेली नाचक्की, या साऱ्यांची भर पडली. मतदार केवळ काबूलसाठीं चिडले असें मानूं नये. पण चीफ सेक्रेटरीपासून चपराशापर्यंत ज्याला घर चालवावें लागतें, त्याला इतकें कळतें कीं घरांत तंगी असतां शेजाऱ्याशीं उगाच भांडण काढणारा कर्ता शहाणा नव्हे. तेथील अर्थमंत्री नॉर्थकोट यांनींही नवा कर बसविण्याचें टाळून तूट पुढील सालांवर ढकलली होती. मार्च-एप्रिल १८८० च्या निवडणुकींत डिझरायली यांच्या पक्षाचा मोठा पराभव झाला, आणि ग्लॅडस्टन मुख्य प्रधान झाले. लिटन यांनींही राजीनामा दिला. जूनमध्यें लॉर्ड रिपन व्हॉइसरॉय झाले.

निवडणुकीच्या आधीं थोडेच दिवस, २४ फेब्रुवारी १८८० रोजीं, स्ट्रेची यांनीं कलकत्त्यास आपलें अंदाजपत्रक मांडलें होतें. सरहद्दीवरील रेल्वे सोडून युद्धाचा निव्वळ खर्च तिन्ही सालांचा मिळून साठ लाख पौंडांच्या आंत राहील, त्यासाठीं कर्ज नको, नवा कर नको, असें त्यांनीं हर्षानें सांगितलें. महिना दोन महिने लोटले नाहींत तोंच खजिन्यांतून पैसा ओघानें बाहेर जात असल्याचें ध्यानांत आलें. मे महिन्यांत विलायतेस तार गेली: अंदाज चुकला आहे. शेवटीं तो खर्च पावणेदोन कोटी पौंडांच्या आसपास गेला. म्हणजे अंदाजाच्या जवळजवळ तिप्पट. ब्रिटिश हिंदुस्थानांतील साऱ्या शेतकऱ्यांकडून वर्षभरांत जो जमीन-महसूल येई, त्याच्या तीन-चतुर्थांशाहून ही रक्कम कमी नव्हती.

चूक झाली ती अशी. मोहिमेवरील अधिकारी उंट, धान्य, वैरण यांसाठीं छावणीच्या खजिन्यांतून रोख उचल घेत. उचल आज होई. पण तिचा हिशेब तपासून खर्चीं पडण्यास महिनेच्या महिने लागत. लष्करी खात्यानें अंदाज बांधला तो तपासून झालेल्या हिशेबावर. तिजोरी रिकामी होत होती, आणि वहींत ती भरलेली दिसत होती. किराणा उधारीनें आणून, वाण्याचें बिल आलें नाहीं तोंवर महिन्यांत शिल्लक पडली असें मानणाऱ्या गृहस्थाची जी चूक, तीच येथें कोट्यवधींच्या मापानें झाली. निवडणुकीसाठींच आंकडे दडविले, असा संशय विरोधकांनीं घेतला. चौकशींत दोष हिशेबाच्या पद्धतीचा ठरला. पण कोणी खोटें बोललें नाहीं म्हणून सोंग नव्हतें असें होत नाहीं. खर्च थोडाच होईल, असें ज्यांस मनापासून हवें असतें, ते जास्तीचा आंकडा शोधावयास जात नाहींत. १८८० च्या अखेरीस स्ट्रेची यांनीं पद सोडलें, व इव्हलिन बेअरिंग त्यांच्या जागीं आले.

मतदारांनीं कौल दिला म्हणून युद्ध लगेच थांबलें नाहीं. २७ जुलै १८८० रोजीं कंदाहारजवळ मैवंद येथें इंग्रजी ब्रिगेडचा दारुण पराभव झाला. तींत एक गोरी पलटण होती. पण बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि तिसावी बॉम्बे पलटण यांचे शिपाईही शेंकड्यांनीं तेथें पडले. रॉबर्ट्स यांनीं काबूलहून धांव घेऊन १ सप्टेंबरला कंदाहार सोडविलें. अबदुर रहमान यांस अमीर मानण्यांत आलें, आणि एप्रिल १८८१ मध्यें कंदाहारही रिकामें केलें गेलें. काबूलला इंग्रज वकील बसविण्यासाठीं युद्ध सुरू झालें होतें. इंग्रज वकील तेथें न बसतांच तें संपलें.

मग देणें कोणीं दिलें? ग्लॅडस्टन यांच्या सरकारनें इंग्लंडच्या तिजोरींतून पन्नास लाख पौंड दिले, हें त्यांच्या पदरीं जमा करावयास हवें. बाकीचें हिंदुस्थाननें सोसलें. आणि पुढें १८८२ त याच ग्लॅडस्टन यांच्या राजवटींत इजिप्तवर स्वारी झाली तेव्हां हिंदी पलटणी गेल्या, व त्यांच्या खर्चाचा मोठा वांटा पुन्हा हिंदुस्थानवरच पडला. माणूस बदलला, पण रीत बदलली नाहीं. कारण पैसा देणाऱ्याच्या हातीं मत नव्हतें.

ही गोष्ट हिंदी पुढाऱ्यांच्या ध्यानांत राहिली. १८८५ च्या डिसेंबरांत मुंबईस राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें, त्यांत लष्करी खर्चाच्या वाढीविरुद्ध ठराव झाला. १८९७ सालीं लंडनमध्यें वेल्बी कमिशनपुढें गोपाळ कृष्ण गोखले आणि दिनशा वाच्छा यांनीं साक्षी दिल्या. त्यांचा मुद्दा एकच होता: ज्याचा पैसा, त्याचा शब्द खर्चांत चालला पाहिजे. इंग्रज मतदारांनीं डिझरायली यांस जाब विचारला तो अधिकार, दुष्काळांत होरपळून मिठाचा कर भरणाऱ्या नगरच्या कुणब्यास मिळण्यास आणखी सत्तर वर्षें जावीं लागलीं.

आज भारताच्या राज्यघटनेप्रमाणें संरक्षणाचा पैसाही लोकसभेच्या मंजुरीवांचून खर्च होत नाहीं, आणि हिशेब तपासणारा अधिकारी सरकारच्या मर्जीवर अवलंबून नाहीं. या तरतुदी रुक्ष वाटतात. पण त्यांच्यामागें मैवंदचे शिपाई आणि दख्खनचे दुष्काळग्रस्त उभे आहेत. लढाई ठरविणारा एक, लढणारा दुसरा आणि पैसा भरणारा तिसरा, असे जेथें तिघे वेगळे पडतात, तेथें पैशाचें सोंग कांहीं काळ वठतें. हे तिघे जितके एकत्र येतील, तितकें तें सोंग लवकर उघडें पडेल. आणि कित्येकदां लढाईचा प्रसंगच टळेल.